इंजिन तेच, गिअरबॉक्स दुसरा

सरळ रेषेतली शर्यत म्हणजे काय, हे अल्लीपूरच्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. हिंगणघाट तालुक्यातल्या या गावाच्या चहूकडे, वर्धा, अमरावती, यवतमाळच्या पट्ट्यात, शंकरपट ठाऊक नसलेला माणूस शोधावा लागेल. वळण नाही, फेरा नाही. दोन बैल, एक हलकी छकडी, एक धुरकरी आणि ठरलेले अंतर. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पट बंद पडले, डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर पुन्हा मुभा मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने महाराष्ट्राचा कायदा ग्राह्य धरला. तळेगाव दशासरसारख्या जुन्या पटांवर पुन्हा गर्दी लोटू लागली. त्या गर्दीतला जाणता माणूस एकट्या बैलाकडे पाहत नाही, जोडीकडे पाहतो. एक बैल कितीही तेज असो, दुसऱ्याची चाल त्याच्याशी जुळली नाही तर छकडी तिरपी ओढली जाते आणि वेळ वाया जातो.

ड्रॅग रेस ही मोटारींची तशीच शर्यत. दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या राहतात, दिवे लागतात आणि पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर, सरळ धाव. इथली जोडी मात्र बॉनेटखाली असते: इंजिन आणि गिअरबॉक्स. लोक इंजिनाबद्दल भरभरून बोलतात. किती अश्वशक्ती, कुठला टर्बो, पिस्टन कोणते. गिअरबॉक्सची आठवण सहसा तो फुटल्यावर येते. मला ही विभागणी पटत नाही. आहे त्या इंजिनाला दुसरा गिअरबॉक्स बसवणे हे वरवर फिटरचे काम दिसते, पण त्यात गणित, धातुशास्त्र, घर्षणाचा अभ्यास, मापनकला आणि थोडा इतिहास असे सगळे एकत्र येते. या क्षेत्रात नव्याने शिरणाऱ्यासाठी ही प्रस्तावना लिहीत आहे. तो हिंगणघाटच्या आयटीआयमधला असेल, सेवाग्रामच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातला असेल किंवा गावात ट्रॅक्टर दुरुस्त करणारा असेल. पूर्वतयारी म्हणून गुणाकार-भागाकार यावा आणि हात काळे करायची तयारी असावी, एवढे पुरे.

वर्धा जिल्ह्यातल्या माणसाला हा विषय परका वाटायचे कारण नाही. या कापूसपट्ट्यात यंत्रयुग आले ते जिनिंगच्या रूपाने. जुन्या जिनिंगमध्ये एकच इंजिन असे. त्याच्यावरून पट्टा लांबलचक शाफ्टवर जाई आणि त्या शाफ्टवरच्या लहानमोठ्या पुल्यांवरून एकेका रेच्याला, म्हणजे सरकी वेगळी करणाऱ्या यंत्राला, गती मिळे. रेच्याचे चामडी रूळ संथ फिरायला हवेत, त्याच वेळी पाते झपाट्याने हलायला हवे. इंजिन एकाच वेगाने चाललेले असते, तेव्हा कोणाला किती वेग द्यायचा हे पुलीचा व्यास ठरवतो. पुढे गावोगावी पिठाच्या गिरण्या आल्या, त्यांनीही हेच केले. मोठी पुली काढून लहान बसवली की जाते कसे बदलते, हे गिरणीवाल्याला कुठल्याही पुस्तकाशिवाय कळत होते.

याहून बारीक उदाहरण वर्ध्याच्या मगन संग्रहालयात आहे. गांधीजींनी ३० डिसेंबर १९३८ रोजी उद्घाटन केलेल्या या संग्रहालयात चरख्यांचे अनेक प्रकार पाहायला मिळतात. उभ्या चरख्यात एक भलेमोठे चाक चातीला थेट फिरवते. गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात असताना रूढ झालेल्या पेटी चरख्यात चाके दोन आहेत. हाताने फिरवायचे पहिले चाक दुसऱ्याच्या लहान कप्पीला फिरवते आणि दुसरे चाक चातीला. गतीची वाढ दोन टप्प्यांत विभागली, त्यामुळे मोठ्या चाकाची गरज उरली नाही आणि चरखा पेटीत मावला. कातणाऱ्याचा हात, म्हणजे इंजिन, होता तसाच राहिला. १९२९ साली अखिल भारतीय चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस लावले होते. किर्लोस्करांनीही यंत्र बनवून पाठवले, पण अटी इतक्या कडक होत्या की बक्षीस कोणालाच मिळाले नाही. त्या अटींमध्ये सुताची लांबी होती, किंमत होती, टिकाऊपणाही होता. गिअरबॉक्स निवडताना आजही याच तीन अंगांनी विचार करावा लागतो: काम किती देतो, पैसे किती खातो आणि किती दिवस टिकतो.

आता मुख्य प्रश्न. ड्रॅगच्या गाडीला गिअर लागतात तरी किती?

उत्तर अंदाजाने देऊ नये, मांडून पाहावे. एक काल्पनिक गाडी घेऊ. वजन १,२०० किलो, मागच्या चाकांनी ओढणारी. इंजिनाचा कमाल टॉर्क ३०० न्यूटन-मीटर, मर्यादा मिनिटाला ७,००० फेरे. चाकाचा परीघ २ मीटर. शेवटच्या रेषेवर गाडी ताशी १८० किलोमीटरने पोहोचावी आणि त्या क्षणी टॉप गिअरमध्ये इंजिन बरोबर ७,००० वर असावे. ताशी १८० म्हणजे सेकंदाला ५० मीटर, म्हणजे चाकाचे सेकंदाला २५ आणि मिनिटाला १,५०० फेरे. टॉप गिअर एकास एक धरला, तर ७,००० भागिले १,५००, म्हणजे डिफ्रन्सचे (डिफरन्शिअलचे) गुणोत्तर ४.६७ हवे. इथवर गिअरबॉक्सचा संबंध आलेला नाही, आणि हा क्रम मुद्दाम ठेवला आहे. शेवटची रेषा आधी पक्की करायची, मग मागे मागे सुरुवातीच्या रेषेकडे यायचे. नवखे लोक उलट्या टोकाने सुरुवात करतात आणि पहिल्या गिअरच्या ओढीवर भाळतात.

या गाडीला तीन गिअरबॉक्स लावून पाहू. तिन्ही खरे आहेत, अमेरिकन ड्रॅग रेसिंगमध्ये वर्षानुवर्षे वापरले गेलेले. पहिला पॉवरग्लाइड, दोन गिअरी ऑटोमॅटिक, पहिल्याचे गुणोत्तर १.७६. दुसरा टर्बो हायड्रॅमॅटिक ४००, तीन गिअरी ऑटोमॅटिक: २.४८, १.४८, १. तिसरा मन्सीचा चार गिअरी हाताचा गिअरबॉक्स: २.२०, १.६४, १.२८, १.

७,००० वर गिअर बदलला की इंजिन किती खाली येते ते पाहा. दोन गिअरीत ते थेट ३,९८० च्या आसपास कोसळते. तीन गिअरीत आधी ४,१८० पर्यंत आणि पुढच्या बदलाला ४,७३० पर्यंत येते. चार गिअरीत ५,२०० च्या खाली ते जातच नाही. इंजिनाची ताकद ५,००० ते ७,००० च्या दरम्यान असेल तर चार गिअरी उघडच सरस. दोन गिअरीत गाडी बदलानंतर दम टाकेल आणि पुन्हा चढेपर्यंत शेजारची गाडी पुढे गेलेली असेल.

पण आता जमिनीकडे पाहू. चाकाची त्रिज्या सुमारे ३१.८ सेंटिमीटर येते. वाटेतली गळती सोडून दिली, तर पहिल्या गिअरमध्ये टायर रस्त्याला मागे ढकलतो तो जोर दोन गिअरीत सुमारे ७,७५० न्यूटन, चार गिअरीत ९,७०० आणि तीन गिअरीत १०,९०० न्यूटन. सुटताना वजन मागे सरकते. समजा ७० टक्के भार मागच्या चाकांवर आला आणि चिकट टायरचा घर्षणांक १.२ धरला, तर टायर जास्तीत जास्त ९,९०० न्यूटनपर्यंत धरून राहील. म्हणजे तीन गिअरीची जास्तीची ओढ रबर जाळण्यात जाणार. चार गिअरी अगदी काठावर आहे, ट्रॅकवर थोडी धूळ आली की तोही घसरेल. ज्याला आपण कमजोर म्हणत होतो तो दोन गिअरी शांतपणे पकड ठेवून सुटतो. शिवाय ऑटोमॅटिकमध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो. इंजिन फिरतेय आणि चाक थांबलेय अशा क्षणी तो टॉर्क जवळपास दुप्पट करून देऊ शकतो. तो हिशेबात धरला की तीन गिअरीचे चित्र आणखी बिघडते, आणि दोन गिअरीलाही मग कन्व्हर्टर जपून निवडावा लागतो.

एवढ्या चार ओळींच्या गणितात या क्षेत्राचा गाभा आला. गिअरबॉक्स इंजिनाच्या मागणीने निवडायचा की टायरच्या ऐपतीने? दोन्हींना मान द्यावा लागतो, पण सुरुवातीच्या वीस मीटरांत टायरचा शब्द चालतो आणि शेवटच्या दोनशे मीटरांत इंजिनाचा. माझे मत विचाराल तर हौशी गाड्यांमध्ये गिअर कमी पडल्याने हरणाऱ्यांपेक्षा पहिला गिअर फार खोल असल्याने हरणारे जास्त असतात.

इतिहासानेही याला दुजोरा दिला आहे. अमेरिकेत संघटित ड्रॅग रेसिंग सुरू झाली ती कॅलिफोर्नियात सांता आना इथल्या विमानतळाच्या धावपट्टीवर, १९५० साली. पुढच्याच वर्षी वॉली पार्क्स यांनी नॅशनल हॉट रॉड असोसिएशन काढली. त्याच १९५० सालात शेवरलेने पॉवरग्लाइड आणला, तोही बायकामुलांसह फिरायला जाणाऱ्या गाड्यांसाठी, आरामाची सोय म्हणून. १९६२ मध्ये त्याचे कवच ॲल्युमिनियमचे झाले, १९७३ मध्ये कंपनीने उत्पादन थांबवले. पण शर्यतवाल्यांनी त्याला सोडले नाही. वजनाला हलका, फिरणारे भाग कमी, आणि एकच बदल, म्हणजे चुकण्याची संधीही एकदाच. आज त्याचे कवचापासून शाफ्टपर्यंत सगळे भाग शर्यतीसाठी नव्याने बनवून मिळतात. त्यात ट्रान्सब्रेक नावाची करामत असते: पहिला आणि रिव्हर्स हे दोन्ही गिअर एकाच वेळी पकडून ठेवायचे. गाडी जागेवर खिळते आणि इंजिन जोरात फिरत राहते. बटण सोडले की रिव्हर्स सुटतो आणि गाडी निघते.

दुसऱ्या टोकाला लेन्कोचे ग्रहमालेसारखे दाते असलेले गिअरबॉक्स आले. गिअरच्या प्रत्येक बदलाला स्वतंत्र डबा. जितके बदल हवेत तितके डबे एकामागे एक जोडायचे आणि प्रत्येकाचा दांडा वेगळा. क्लच न दाबता, इंजिनाचा जोर न सोडता एकेक दांडा ओढत जायचे. मेकॅनिकच्या नजरेने ही रचना फार सुंदर आहे. एका डब्याचे गुणोत्तर बदलायचे तर बाकीच्यांना हात लावावा लागत नाही.

आणि सर्वांत वेगवान वर्गात, टॉप फ्युएलमध्ये, गिअर बदलणे हा प्रकारच नाही. मागे घेण्यापुरती एक व्यवस्था असते, डिफ्रन्सचे गुणोत्तर नियमाने ३.२० ठरलेले असते आणि बाकी सगळे काम अनेक प्लेटांचा क्लच करतो. सुटताना तो मुद्दाम घसरतो आणि पुढे ठरलेल्या वेळापत्रकाने हळूहळू घट्ट होत जातो. २००८ पासून या गाड्या १,००० फूट, म्हणजे सुमारे ३०५ मीटरच धावतात. तेवढ्यात त्या ताशी ५०० किलोमीटरच्या पलीकडे जातात. दर फेरीनंतर क्लच उघडून नव्याने बांधावा लागतो. गिअरबॉक्स नाहीसा झाला तरी त्याचा प्रश्न तिथेच राहिला, फक्त तो दात्यांकडून घर्षणाकडे गेला.

या क्षेत्राचा सर्वांत कटू धडा ८ मार्च १९७० चा आहे. कॅलिफोर्नियात लाँग बीचजवळच्या लायन्स ड्रॅग स्ट्रिपवर डॉन गार्लिट्स आपल्या ड्रॅगस्टरमध्ये दोन गिअरी प्रायोगिक ट्रान्समिशन लावून उतरले. त्या काळच्या ड्रॅगस्टरमध्ये इंजिन पुढे आणि चालक मागे, जवळजवळ डिफ्रन्सवर बसलेला. म्हणजे क्लच आणि ट्रान्समिशन थेट त्याच्या पायांमध्ये. सुटताक्षणी ट्रान्समिशन फुटले, गाडीचे दोन तुकडे झाले आणि गार्लिट्स यांच्या उजव्या पायाचा पुढचा भाग गेला. रुग्णालयात पडल्या पडल्या त्यांनी इंजिन चालकाच्या मागे नेण्याचा विचार पक्का केला. १९७१ मध्ये ती गाडी जिंकू लागली आणि थोड्याच वर्षांत जुनी मांडणी या वर्गातून हद्दपार झाली. क्लचभोवती जाड पोलादी कवच, ऑटोमॅटिकवर स्फोटरोधक आच्छादन, प्रोपेलर शाफ्टभोवती लोखंडी कडे, हे आजचे नियम अशाच अपघातांतून आले आहेत. ज्याला ते जाचक वाटतात, त्याने दुसरा छंद शोधावा.

आता प्रत्यक्ष जोडणीकडे येऊ. गिअरबॉक्स बदलताना जोड दोन असतात: पुढचा, इंजिनाच्या पाठीशी, आणि मागचा, प्रोपेलर शाफ्टशी. मागचा जोड उदार आहे. शाफ्टची लांबी कमी-जास्त करून घेता येते, माउंटिंग नव्याने वेल्ड करता येते. दोन्ही टोकांच्या क्रॉसचे कोन सारखे राहिले आणि ते दोन-तीन अंशांच्या आत असले की काम भागते. पुढचा जोड मात्र केसभर चूकही सोडत नाही.

पुढच्या जोडात नेमके काय काय जुळावे लागते? बेल हाउसिंगच्या बोल्टांची छिद्रे जुळत नसतील तर मधे ॲडॅप्टर प्लेट येते. प्लेट आली की गिअरबॉक्स तेवढा मागे सरकतो, आणि टॉप शाफ्टचे टोक क्रँकमधल्या पायलट बेअरिंगपर्यंत पोहोचते की नाही हा प्रश्न उभा राहतो. आखूड पडले तर शाफ्ट लोंबकळतो. लांब झाले तर क्रँकला मागून रेटत राहतो आणि थ्रस्ट वॉशर खाऊन टाकतो. क्लच प्लेटचा व्यास फ्लायव्हीलचा हवा, पण तिच्या मधल्या स्प्लाइन नव्या शाफ्टच्या हव्यात. शेवरलेच्या जुन्या शाफ्टला दहा दात, पुढच्या जाड शाफ्टला सव्वीस; म्हणजे प्लेट एका घरची आणि तिचा हब दुसऱ्या घरचा. रिलीज बेअरिंगची चाल, स्टार्टरची जागा, रिंग गिअरचे दाते हे सगळे या एका सांध्यात येते. ऑटोमॅटिक असेल तर आणखी एक सूक्ष्म माप. बोल्ट आवळण्याआधी कन्व्हर्टर आणि फ्लेक्सप्लेट यांच्यात साधारण ३ ते ५ मिलिमीटर फट राहिली पाहिजे. फट नसेल तर कन्व्हर्टर आतल्या पंपावर दाबून बसतो आणि इंजिन पहिल्यांदा चालू होताच पंपाचा चुरा होतो.

सर्वांत जास्त वेळ द्यावा असे काम मात्र समकेंद्रतेचे. क्रँकची मध्यरेषा आणि बेल हाउसिंगमधल्या गोल भोकाची मध्यरेषा एकच आहे का, हे डोळ्याने कधीही कळत नाही. डायल गेज क्रँकला बांधायचा, त्याची सुई भोकाच्या आतल्या काठावर टेकवायची आणि क्रँक हाताने सावकाश फिरवायचा. सुई पूर्ण फेरीत जेवढी हलेल त्याच्या निम्मा मध्य सरकलेला असतो. सुईची एकूण हालचाल पाच हजारांश इंच, म्हणजे सुमारे ०.१३ मिलिमीटर, यापेक्षा जास्त नसावी असा जुना दंडक आहे. जास्त आली तर मूळ डॉवेल पिना काढून विकेंद्री पिना बसवायच्या, त्या फिरवून भोक मध्यावर आणायचे आणि पुन्हा मोजायचे. कंटाळवाणे काम आहे, अर्धा दिवस सहज जातो. पण हे टाळलेल्या गाडीची लक्षणे ठरलेली असतात. आधी पायलट बेअरिंग ओरडते, मग क्लच प्लेटचा हब फाटतो, मग गाडी जोरात असताना गिअर आपोआप बाहेर पडतो. मालक तिन्ही वेळा वेगवेगळ्या भागांना दोष देतो. लेथवाल्याने प्लेट कितीही सुबक बनवलेली असो, गेज लावल्याशिवाय ती बरोबर आहे असे म्हणू नये. त्यात लेथवाल्याचा अपमान नाही.

दोन जोडांपैकी कोणता कुठे ठेवायचा, याचे एक शहाणे उदाहरण आपल्याच राज्यातले आहे. मुंबईच्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सने १९८५ मध्ये ११८ एनई ही गाडी आणली. अंग फियाट १२४ चे, इंजिन निसानचे १,१७१ सीसीचे ए-१२. नावातला ‘एनई’ त्या निसान इंजिनाचाच. कंपनीने निसानच्या इंजिनामागे निसानचाच गिअरबॉक्स ठेवला. म्हणजे अवघड जोड मुळातच जुळलेला घेतला आणि दोन घराण्यांची गाठ मागे, शाफ्ट आणि माउंटिंगपाशी, जिथे चूक पचते तिथे घातली. ही गाडी पुढे भारतीय रॅलींमध्ये खूप धावली. घरच्या घरी इंजिन बदलणाऱ्यांना मी नेहमी हेच सांगतो: शक्य असेल तर इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्रच आणा. ड्रॅगवाल्याला मात्र ही चैन परवडत नाही. त्याला हवे असते तेच इंजिन आणि हवे ते गिअर, म्हणून तो पुढचाच जोड तोडतो.

विद्यार्थ्यांसाठी याहून जवळचे उदाहरण बाहा एसएई इंडिया स्पर्धेचे. २००७ पासून पिथमपूरला भरणाऱ्या या स्पर्धेत पुण्याच्या सीओईपीसह महाराष्ट्रातल्या कितीतरी महाविद्यालयांचे संघ उतरत आले आहेत. अनेक वर्षे सगळ्यांना इंजिन एकच: ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचे ३०५ सीसी, दहा अश्वशक्तीचे, आणि त्यात फेरफार करायला सक्त मनाई. तेव्हा चढाओढ उरते ती इंजिनाच्या मागच्या भागात. कोणी पट्ट्यावरचा सीव्हीटी लावतो, कोणी महिंद्रा अल्फा या मालवाहू तीनचाकीचा गिअरबॉक्स आणून जोडतो. अल्फाचा गिअरबॉक्स स्वस्त आणि दणकट, सुटे भाग तालुक्याच्या गावीही मिळतात. पण तो पोती वाहायला बनलेला, पहिला गिअर खोल आणि वजन भरपूर. या स्पर्धेत थोड्या अंतराची प्रवेगाची एक चाचणी असते. ती आपल्या परीने ड्रॅग रेसच. इंजिन सर्वांचे सारखे असल्यामुळे गिअरबॉक्सने नेमका किती फरक पाडला हे तिथे जितके स्वच्छ दिसते तितके मोठ्या शर्यतीतही दिसत नाही. या विषयावर प्रबंध लिहायचा असेल त्याने परदेशी मासिके चाळण्याआधी तिथल्या वेळा गोळा कराव्यात.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, विशेषतः समृद्धी महामार्ग वर्धा जिल्ह्यातून गेल्यापासून. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीत मनमानी बदल करू देत नाही आणि कलम १८९ सार्वजनिक ठिकाणी शर्यत लावणे गुन्हा ठरवते. शर्यतीची गाडी ट्रेलरवर चढवून न्यायची आणि बंद धावपट्टीवर, परवानगी असलेल्या स्पर्धेतच पळवायची. लोणावळ्याजवळ ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर गेल्या दशकात अशा ड्रॅग स्पर्धा झाल्या आहेत. विदर्भात तशी सोय उभी राहायला हवी, असे मला मनापासून वाटते. पटासाठी मोकळे रान, मंडप आणि पंच यांची व्यवस्था करणाऱ्या गावांना सरळ रेषेतल्या शर्यतीचे आयोजन शिकवायला बाहेरून कोणी यावे लागणार नाही.

या क्षेत्रात अजून पुष्कळ काम पडून आहे. विजेच्या गाड्यांनी जुनी गृहीतके हलवली आहेत. विजेची मोटर शून्य फेऱ्यांपासून पूर्ण टॉर्क देते, म्हणून बहुतेक गाड्या एकाच गिअरवर चालतात. तरी पोर्शने २०१९ मध्ये टायकान आणताना मागच्या धुरीला दोन गिअर दिलेच. सुटताना जोर आणि शेवटी वेग, हे दोन्ही एका गुणोत्तरात नीट बसत नाहीत, ही अडचण विजेवरही तशीच राहते. त्यामुळे पॉवरग्लाइडचा अभ्यास जुनाट समजू नये. दुसरे काम आपल्याकडच्या गिअरबॉक्सांच्या नोंदींचे. विलीस जीपच्या टी-९० ची गुणोत्तरे, २.८०, १.५५ आणि १, कुठेही सापडतात. आपल्या रस्त्यांवर लाखोंनी धावलेल्या कित्येक तीनचाकी, टेम्पो आणि ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्सांचे दाते, शाफ्टचे व्यास, स्प्लाइन, बेल हाउसिंगची मापे मराठीत एका जागी मिळत नाहीत. ती मेकॅनिकांच्या हातांत आहेत, कागदावर नाहीत.

तेव्हा नव्या विद्यार्थ्याने सुरुवात भंगारातल्या एखाद्या गिअरबॉक्सपासून करावी. झाकण उघडून तेल गाळून घ्यावे आणि तळाशी बसलेला कीस चुंबकाने तपासावा. पोलादाचा कीस दात्यांबद्दल सांगतो, पितळी चमक सिंक्रोनायझरबद्दल. मग एकेका गिअरचे दाते खडूने खूण करून मोजावेत, टॉप शाफ्टवरचे, ले शाफ्टवरचे, मेन शाफ्टवरचे. चालणाऱ्या दात्यांना चालवणाऱ्यांनी भागावे, दोन टप्प्यांचा गुणाकार करावा आणि आलेले आकडे वहीत, गाडीचे नाव आणि वर्ष घालून, लिहून ठेवावेत. वही भरत गेली की वर मांडलेल्या काल्पनिक गाडीच्या जागी आपल्या हाताशी असलेले इंजिन घालून तेच गणित पुन्हा मांडता येईल, आणि पुढची प्रकरणे तिथून वाचायला घ्यावीत.

अल्लीपूर, ता. हिंगणघाट, जि. वर्धा